काचेवरचं काजळ

“पण मग हे सुटून का जात नाहीत, महाराज?”

कौसल्येच्या तोंडून हा प्रश्न निघाला तेव्हा मठाच्या भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढं जे काही झालं, ते सगळं तिथून सुरू झालं.

खरं तर ती हे विचारायला आलीच नव्हती. तिच्या पोटात दुसराच प्रश्न होता आणि तो घेऊन ती टेकडीची चढण चढून आली होती. पण महाराजांची रीतच तशी. दुःख घेऊन आलेल्या माणसाला ते आधी बसवायचे, पाणी द्यायचे, आणि मग त्याच्या हातात एक काच द्यायचे.

म्हणायचे, “उजेडाकडं धर. काय दिसतं सांग.”

माणूस बघत राही. बघता बघता विचारू लागे. विचारता विचारता आपण कशाला आलो ते घटकाभर विसरून जाई.

म्हणून पंचक्रोशीत त्यांना निरंजनगिरी असं कुणी म्हणतच नसे. सगळे म्हणत, काचेचे महाराज.

संन्यास घेण्याआधी ते एका वेधशाळेत होते. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायचं काम. त्या काळी हे फोटो काचेवर निघत. पुढं नवी यंत्रं आली, जुन्या काचांची अडगळ झाली, त्यातल्या थोड्या महाराजांनी मागून घेतल्या. अंगावर भगवं, खांद्यावर झोळी आणि झोळीत फडक्यात गुंडाळलेलं आकाश. असे ते या गावात आले होते म्हणतात.

कौसल्येनं काच दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरली होती. मधोमध एक काळाकुट्ट लांबट गोळा. त्याच्याभोवती बारीक बारीक ठिपके, लाडू वळताना परातीत तीळ सांडावेत तसे.

महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “काचेवर सगळं उलटं उमटतं, माय. उजेड असेल तिथं काळं. मधला गोळा म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक. फार लांबची. आणि भोवतीचे तीळ... त्यातले थोडे आपल्याकडचे साधे तारे, मध्येच आलेले. बाकीचा एकेक तीळ म्हणजे लाखो ताऱ्यांचा एक गोल गुच्छ. गच्च बांधलेला. आकाशातली फार म्हातारी मंडळी ती. तिच्याभोवती सारखी फिरतात.”

“सारखी?”

“सारखी.”

“थकत नाहीत?”

“नाही.”

“जोरात फिरतात?”

“फार जोरात.”

आणि मग तिनं ते विचारलं होतं. सुटून का जात नाहीत?

महाराज हसले. पण बोलली ती प्रमिला. प्रमिला म्हणजे कौसल्येची थोरली जाऊ, सोबतीला आलेली. चढणीनं तिला धाप लागली होती, तरी तोंडाला धाप नव्हती.

“महाराज, हिला एका प्रश्नावर सोडू नका. हिच्यामुळं आमच्या घरात रेडिओ घ्यावा लागला नाही.”

“तुम्ही होतात ना, वहिनी, बातम्या द्यायला,” कौसल्या म्हणाली.

तिला उत्तर शोधावं लागत नसे. ते जिभेवर तयारच असे. अख्ख्या गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. लग्नात उखाणा घ्यायला ही पुढं, भांडण मिटवायला ही पुढं, ग्रामसभेत सरपंचाला गप्प करायलाही हीच. माहेरी असल्यापासून तिला त्याचा अभिमान होता. माझ्याकडं सोनं नाही, पण शब्द आहेत, असं ती म्हणायची.

आणि तिच्याच पोटची रेवा चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती.

रेवा उंबऱ्यावर बसली होती. गालावर आईनं सकाळीच लावलेली काजळाची तीट. हात मांडीवर. बाहेर बघत होती की आत, काही कळत नव्हतं.

डॉक्टरांकडं नेलं होतं. कान ठीक आहेत म्हणाले. दर महिन्याला घेऊन या, बोलायचा सराव करून घेऊ म्हणाले. कौसल्या नेत होती. पण गावाला डॉक्टरचा धीर नसतो. कुणी म्हणालं मुकी, कुणी म्हणालं खुळी. पाणवठ्यावर एकजण हळूच म्हणाली होती, आत काही नसेलच तर बाहेर काय येणार?

ते वाक्य कौसल्येच्या काळजात रुतून बसलं होतं. त्याला तिच्याकडं उत्तर नव्हतं. जन्मात पहिल्यांदा.

शेवटी तिनं ठरवलं. तालुक्याच्या पलीकडं तिची एक मावशी राहायची, एकटी. रेवाला तिच्याकडं ठेवायचं. तिथं ओळखीचं कुणी नाही, बोलणारं कुणी नाही. नवरा म्हणाला, तू आई आहेस, तूच ठरव. आज साडेबाराची एसटी होती, टेकडीखालच्या फाट्यावरून. जाता जाता महाराजांना तेवढं एक विचारायचं, म्हणजे मन घट्ट होईल...

एवढं सगळं पोटात होतं, आणि तोंडातून निघालं ते ताऱ्यांचं.

“फुगडी घातलीस कधी?” महाराजांनी विचारलं.

“अहो महाराज! पंचमीला माझ्यासमोर उभं राहायला पोरी घाबरायच्या.”

“हात सुटला तर?”

“सुटला तर जाते की भिंतीवर. या प्रमिलावहिनी गेल्या होत्या एकदा. दात हलला यांचा.”

“सुटला नव्हता, हिनं सोडला होता,” प्रमिला म्हणाली.

“फुगडी जितकी जोरात...” महाराज म्हणाले आणि थांबले.

“तितकी पकड घट्ट. नाहीतर निभत नाही.”

महाराजांनी मधल्या गोळ्यावर बोट धरलं. काचेला न लावता, जरा वर.

“यात जेवढे तारे दिसतात, त्या सगळ्यांची मिळून जी पकड होते, ती मोजली लोकांनी. या फुगडीला ती पुरत नाही. निम्मीसुद्धा पुरत नाही.”

कौसल्या ठिपक्यांकडं बघत राहिली.

“मग हे तर केव्हाच फेकले जायला हवे होते.”

“हो.”

“पण आहेत.”

“आहेत.”

“म्हणजे आणखी कुणीतरी धरून ठेवलंय.”

महाराजांनी मान डोलावली.

“कुठंय तो?” कौसल्येनं काच डोळ्यांजवळ नेली, लांब केली, तिरकी धरली.

“इथंच. गोळ्याच्या आत, बाहेर, गुच्छ फिरतात त्या सगळ्या जागेत. त्याच्याही पलीकडं.”

“मला काही दिसत नाही.”

“कुणालाच दिसत नाही. तो उजेड देत नाही. दुसऱ्याचा उजेड अडवतही नाही. त्याची सावलीसुद्धा पडत नाही.”

“भूत!” प्रमिलानं हात जोडले.

“भूत नव्हे, बाई. वजन. शिकलेले लोक त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.”

“कशाचं बनलंय?” कौसल्येनं विचारलं.

“ठाऊक नाही.”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“अजून कुणालाच नाही. शोधणारे शोधतायत.”

आता कौसल्या सरसावून बसली. सरपंचाला धरायची तेव्हा बसायची तशी.

“महाराज, राग मानू नका. दिसत नाही म्हणता. कशाचं आहे ठाऊक नाही म्हणता. सावली नाही म्हणता. मग ते आहे, हे कशावरून?”

महाराजांनी बोट उचललं आणि गोळ्याच्या भोवती फिरवलं. सावकाश, एकेका तिळावरून.

“अस्सं,” कौसल्या म्हणाली. आणि लगेच, “कळलं मला.”

“कळलं?”

“त्यात काय? ज्याच्या घरी दिवे जास्त, त्याच्या अंगणात माणसं जास्त. गोळा जितका उजळ, तितकं आतलं वजन मोठं, तितके हे गुच्छ जास्त. झालं की.”

“झालं?”

“झालं.”

प्रमिला म्हणाली, “बघा. अर्ध्या तासात हिनं आकाश आवरलं. घरातलं कपाट आठ दिवस पसरलंय.”

महाराज उठले. भिंतीतल्या कोनाड्यातून त्यांनी दुसरी काच काढली. फडकं सोडलं. या काचेला फडकं दुहेरी होतं.

“ही बघ.”

कौसल्येनं ती खिडकीशी धरली. पहिल्या काचेसारखंच फिकट पांढुरकं आकाश. तीळ इथंही होते. पण मधोमध गोळा नव्हता. मधोमध काहीच नव्हतं...

नाही, होतं. एक मळकट, पुसट फराटा. बोटाएवढा. कडा नसलेला, विरत गेलेला.

कौसल्येचा चेहरा एकदम उतरला. तिनं स्वतःचं बोट बघितलं. सकाळी रेवाला तीट लावली होती, तेच बोट. नखाच्या कडेला अजून काळं होतं.

“अगं बाई!” ती म्हणाली. “माझंच काजळ लागलं. इतक्या वर्षांची जपलेली काच तुमची, आणि मी मेली घाण हातानं धरली...”

आणि महाराज काही म्हणायच्या आत तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली, पदराचं टोक घेतलं आणि पुसायला लागली.

घरात डाग दिसला की तिला राहवत नसे. पितळेवरचा असो, भिंतीवरचा असो. पुसल्याशिवाय तिला घास जात नसे.

महाराजांनी हात अर्धा पुढं केला. मग तो मागं घेतला.

“पुस,” ते म्हणाले.

तिनं पुसलं. पुन्हा वाफ सोडली. पुन्हा पुसलं.

“निघत नाही.”

“आणखी पुस.”

“तेलाचं काजळ आहे ना, घरचं. सुटत नाही लवकर.” ती घासत राहिली. “राख आहे का थोडी? किंवा लिंबू?”

प्रमिला हसायला लागली. महाराज हसले नाहीत.

“पदर काढून नुसतं बोट लाव. काय लागतं?”

तिनं बोट लावलं. काच गुळगुळीत होती. गार होती. बोटाला काही लागलं नाही.

तिनं काच फिरवून मागून बघितली. डाग तिथंच. पुढूनही तिथंच.

“हे... आतलं आहे.”

“हं.”

“म्हणजे काजळ नव्हे.”

“नव्हे.”

“मग काय आहे हे?”

“आकाशगंगाच. पहिल्या काचेवरच्यासारखी. लांबी-रुंदीला तेवढीच. पण तारे फार विरळ. इतके विरळ, की उजेड जमून येत नाही. वेधशाळेतही सगळे याला डागच म्हणायचे. काच धुताना राहिलेला.”

कौसल्येनं काच मांडीवर आडवी ठेवली. मग लगेच पुन्हा उचलली. आता तिनं ती फार जपून धरली होती, झोपलेलं मूल उचलावं तशी.

“मग हा डाग नव्हे, हे कुणाला कसं कळलं?”

महाराजांनी तिच्या हातात एक भिंग दिलं, जुनं, पितळी कडेचं.

“मधे बघू नकोस. कडेनं बघ.”

ती बघू लागली. आधी नुसतेच तीळ. मग हळूहळू डोळा बसला, आणि तिला दिसलं की तीळ सगळीकडं सारखे सांडलेले नाहीत. काचेच्या कोपऱ्यांत तुरळक. आणि त्या पुसट फराट्याच्या भोवती दाट. गोल करून. एकमेकांना खेटून.

पहिल्या काचेवरच्यापेक्षाही दाट.

तिनं भिंग खाली केलं. पहिली काच घेतली. बघितली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

“महाराज...”

“बोल.”

“इथं तर जास्त आहेत.”

“जास्त आहेत.”

“त्या एवढ्या काळ्याकुट्ट गोळ्याभोवती कमी, आणि या... या पुसट फराट्याभोवती जास्त?”

“डागाभोवती कुणी गोळा होत नाही, माय.”

बाहेर वारा सुटला होता. खिडकीचं दार एकदा वाजलं.

कौसल्या म्हणाली, “म्हणजे हा जड आहे.”

“फार जड.”

“आणि दिसत नाही.”

“दिसत नाही. आकाशगंगेचं वजन करायचं झालं तर तिच्याकडं बघून भागत नाही. तिच्याभोवती गुच्छ किती, ते बघतात. गुच्छ जास्त, तर न दिसणारं वजन जास्त. असं का असावं, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. पण बहुतेक ठिकाणी जुळतं.”

“आधी गुच्छ आले की आधी वजन आलं?”

महाराजांनी तिच्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

“हे मलाही ठाऊक नाही. चांगलं विचारलंस.”

एरवी कौसल्या या शब्दांनी फुलली असती. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं, महाराजांना निरुत्तर केलं म्हणून. पण ती गप्प झाली. काच हातात, नजर काचेत. गप्प कौसल्या प्रमिलानं कधी बघितली नव्हती. तिला अवघडल्यासारखं झालं.

“कौसा, गाडीची वेळ होईल. तुला काय विचारायचंय ते विचार.”

घड्याळात बारा वाजून गेले होते.

कौसल्येनं काच महाराजांच्या हातात परत दिली. पदर सारखा केला. आणि मग, इतका वेळ पोटात धरून ठेवलेलं, एका दमात बाहेर आलं.

“महाराज, मी काचा बघायला आले नव्हते. ती उंबऱ्यावर बसलीय ती माझी रेवा. चार वर्षांची झाली. एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, काही नाही. मी रात्रंदिवस बोलते तिच्याशी. गाणी म्हणते. माझ्या तोंडाला फेस येतो, तिच्या तोंडाला शब्द येत नाही. लोक म्हणतात आत काही नाही. मी आज तिला मावशीकडं ठेवायला निघालेय. तुम्ही मला एवढंच सांगा... तिच्या आत काही आहे का? नसेल तर नाही म्हणा. मी सोसेन.”

प्रमिलाचा स्वभाव वाईट नव्हता, पण जीभ सरळ नव्हती. तिला वाटलं वातावरण जरा हलकं करावं.

ती म्हणाली, “आम्ही तर हिला म्हणतो, बाई गं, तूच बोलायची थांब. घरातले सगळे शब्द तूच वापरलेस, पोरीला उरले किती?”

कौसल्या हसली नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

प्रमिला ओशाळली. “अगं, मी आपलं गमतीनं...”

महाराज रेवाकडं बघत नव्हते. ते काच फडक्यात गुंडाळत होते. एक घडी, मग दुसरी.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“दर महिन्याला या म्हणतात. वेळ लागेल म्हणतात.”

“तिथं जायचं सोडू नकोस.”

“मावशीकडून कसं जमणार, लांब पडतं...”

महाराजांनी विचारलं, “शाळेत जाते?”

“अंगणवाडीत घातली होती. काढली मी. दिवाळीनंतर.”

“का?”

“बाईंची तक्रार आली.”

“पोरीनं काही केलं?”

“ती काय करणार? बसून असायची. तक्रार आली की हिच्यामुळं वर्ग बिघडतो.”

“बसून राहिल्यानं वर्ग कसा बिघडतो?”

कौसल्येला सांगायची लाज वाटत होती. ती जमिनीकडं बघत म्हणाली, “बाकीची पोरं नीट बसत नाहीत म्हणे. बाई बसकरं ओळीत घालतात. पोरं आपापलं बसकर उचलतात आणि हिच्याजवळ नेऊन टाकतात. रोज. बाईंनी भिंतीशी बसवली, तर पोरं भिंतीशी. दाराशी बसवली, तर दाराशी. ओळ म्हणून टिकत नाही.”

महाराजांची गुंडाळी थांबली.

“कशाला बसतात हिच्याजवळ?”

“चेष्टा करायला! आणखी कशाला? मुकी पोर बघायला. मला काय कळत नाही? माझ्या पोरीचा तमाशा झालेला मला बघवेना. काढून घेतली.”

“तू बघितलंस?”

“काय?”

“चेष्टा करताना.”

“...नाही.”

“कुणा पोराला विचारलंस?”

“नाही.”

उंबऱ्यावरून रेवानं मान वळवून एकदा आत बघितलं आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

मग प्रमिला बोलली. या खेपेला तिचा आवाज नेहमीचा नव्हता. हळू होता, चोरट्यासारखा.

“आमचा सोन्याही तिथंच बसायचा. हिच्या शेजारी.”

कौसल्येनं वळून बघितलं. “तुमचा? तो तर कुठंच बसत नाही. जेवताना ताटावर बसत नाही.”

“तेच तर. बाई म्हणाल्या, तिथं मात्र बसायचा. मी विचारलं त्याला, का रे बाबा, काय करता तिथं? हसता का तिला? तर मलाच म्हणाला, हसायचं कशाला?”

“मग?”

“म्हणाला, तिथं बरं वाटतं.”

कौसल्या तिच्याकडं बघतच राहिली.

“वहिनी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“पोराचं बोलणं. त्याला काय अर्थ, म्हटलं.” प्रमिलानं पदरानं कपाळ पुसलं. “आणि खरं सांगू? मला जरा रागच आला होता. माझ्याजवळ टिकत नाही, आणि तुझ्या मुक्या पोरीजवळ...” तिनं वाक्य तिथंच सोडलं.

महाराजांनी विचारलं, “आता? ही नसते तेव्हा?”

“आता बाई ओळीत बसवतात,” प्रमिला म्हणाली. “पण बसतायत कुठं? एक इकडं पळतं, एक तिकडं. आमचा तर जायलाच तयार नसतो. सकाळी दार धरून रडतो. बाईंना वाटलं होतं, ही गेली की वर्ग सुधारेल.”

कौसल्या उठली. उंबऱ्यापाशी गेली. रेवाच्या शेजारी बसावं की काय, असं करत उभी राहिली. आजवर तिनं त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं होतं. सारखं तोंडाकडंच. आता हललं, आता फुटेल, आता निघेल... त्या चार वर्षांत दुसरीकडं कुठं बघायचं सुचलंच नव्हतं.

ती शेजारी बसली. यावेळी काही बोलली नाही. गाणं नाही, हे काय म्हण, ते काय म्हण, काही नाही. नुसती बसली.

रेवानं आईकडं बघितलं. जरा सरकून जागा करून दिली.

खाली फाट्यावर हॉर्न वाजला. लांबलचक.

“गाडी आली,” प्रमिला म्हणाली, पण उठली नाही.

कौसल्याही उठली नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. मग घरघर ऐकू आली, जवळ येऊन लांब जाणारी, आणि मग वाऱ्याचाच आवाज उरला.

“महाराज,” कौसल्या उंबऱ्यावरूनच म्हणाली, मान न वळवता, “तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

महाराज काच कोनाड्यात ठेवत होते. ठेवून झाल्यावर त्यांनी हात झटकले.

“कशाचं?”

“मी विचारलं त्याचं. आत काही आहे का त्याचं.”

महाराज बाहेर आले. त्या दोघींच्या बाजूनं उतरून अंगणात उभे राहिले. खालच्या गावाकडं बघितलं. अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं.

“उद्या तिकडून जाशील ना, माय?”

“कुठून?”

“तिकडून.”

कौसल्येनं छपराकडं बघितलं. मग रेवाकडं. मग मान हलवली.

“जाईन.”

“मग त्या बाईंना माझा एक निरोप दे. म्हणावं, पोरांना ओळीत बसवू नका... कुठं बसायचं, ते त्यांना कळतं.”